मोटारीचा किंचाळणारा पट्टा

वऱ्हाडांत मोटारींची खरी परीक्षा चैत्र-वैशाखांत होते. अमरावतीहून निघालेली गाडी बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगांव मंजू असे टप्पे घेत अकोल्यास पोंचते, तोंवर सुमारें १०० किलोमीटरांचा रस्ता तिच्या मागें पडलेला असतो. आणि बाहेरचा पारा ४५ अंशांच्या पुढें गेलेला असेल, तर एवढ्या वाटेवर इंजिनाच्या अंगीं लपलेला प्रत्येक दोष वर येतो. याच दोन शहरांमधील महामार्गावर जून २०२२ मध्यें एका मार्गिकेचा ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालण्याचा विश्वविक्रम नोंदविला गेला. रस्ता गुळगुळीत झाला ही गोष्ट चांगलीच. परंतु त्यामुळें जुन्या गाड्याही आतां तास-तास एकसारख्या वेगानें हांकल्या जातात, आणि इंजिनाची उष्णता वाहून नेणाऱ्या यंत्रणेला विसांवा म्हणून मिळत नाहीं.

मारुती ८०० आणि अँबॅसिडर या दोहोंचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. पद्मिनीचें तर त्याच्याही पुष्कळ आधीं. तरी यांपैकीं कित्येक गाड्या अद्याप चालत आहेत. कोणाच्या घरीं ती वडिलांची आठवण म्हणून जपलेली असते, तर जुनी जीप काळी-पिवळी म्हणून चालविणाऱ्यास ती रोजच्या भाकरीचें साधन असते. अशा गाडीच्या पुढच्या भागांतून सकाळीं इंजिन सुरू करतांच कर्कश किंकाळी उठते, क्षणभरानें विरते, आणि मालक ‘जुनी गाडी, बोलायचीच’ असें म्हणून पुढें निघतो. किंकाळी क्षणिक असली तरी तिच्याकडे दुर्लक्ष करणें परवडणारें नसतें. तें कां, हें पट्ट्याचें काम पाहिल्यावांचून ध्यानांत यावयाचें नाहीं.

इंजिनाच्या पुढच्या टोकास क्रँकशाफ्टवर एक पुली बसविलेली असते. तिच्यावरून निघालेला रबरी पट्टा पाण्याच्या पंपाची पुली आणि डायनॅमोची किंवा अल्टरनेटरची पुली फिरवून परत येतो. जुन्या बहुतेक गाड्यांत रेडिएटरमागचा पंखाही पंपाच्याच दांड्यावर असतो, म्हणूनच सर्वत्र या पट्ट्यास ‘फॅन बेल्ट’ हें नांव पडलें. मारुती ८०० मध्यें पंखा विजेवर चालतो, पण पंप मात्र पट्ट्यावरच अवलंबून आहे. म्हणजे बोटाएवढ्या रुंदीच्या या रबराच्या वळ्यावर इंजिनाची थंडाई आणि बॅटरीची भरती अशीं दोन कामें सोंपविलेलीं असतात. पट्टा घसरला कीं दोन्ही एकदम मंदावतात.

पट्ट्यानें शक्ति वाहून नेण्याची कल्पना वऱ्हाडास नवी नाहीं. १८६७ सालीं रेल्वे नागपूरपर्यंत पोंचली, कापसाचा व्यापार वाढला, आणि अकोला, अमरावती, खामगांव या भागांत वाफेच्या इंजिनावर चालणारे जिनिंग व प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. तेथें एकाच इंजिनानें एक लांब शाफ्ट फिरे व त्यावरून निघालेले रुंद, सपाट पट्टे रांगेनें मांडलेले रेचे चालवीत. सपाट पट्ट्याची सर्व पकड त्याच्या ताणावर आणि पुलीला त्यानें घातलेल्या विळख्यावर असते. म्हणून तो रुंद करावा लागे, आणि चामड्याचा असल्यास मधून मधून त्यावर राळेसारखा चिकट पदार्थ लावावा लागे.

मोटारीच्या नाकाखालीं एवढ्या रुंद पट्ट्यास जागा कोठली? तेव्हां पट्ट्याचा आकारच बदलला. अमेरिकेंतील डेन्व्हर येथील जॉन गेट्स यानें १९१७ मध्यें रबर व दोरा यांचा, पाचरीच्या आकाराचा पट्टा तयार केला. हा पट्टा पुलीच्या तळाशीं टेकत नाहीं. तिच्या निमुळत्या खाचेच्या दोन भिंतींमध्यें तो रुतून बसतो. लांकडांत ठोकलेली पाचर जशी थोड्या जोरानें घट्ट बसते, तसाच हा प्रकार. खाचेच्या भिंतींमधील कोन साधारण ३६ ते ४० अंशांचा असतो, आणि नुसत्या हिशेबानें पाहिलें तर तेवढ्याच ताणावर सपाट पट्ट्याच्या सुमारें तिप्पट घर्षण मिळतें. आरंभींच्या अशा पट्ट्यांत बळकटीसाठीं घातलेली दोरी कापसाचीच असे. पुढें तिची जागा पॉलिएस्टरसारख्या कृत्रिम धाग्यानें घेतली.

पकड भिंतींवर आहे, तळावर नाहीं, एवढी एक गोष्ट मनांत पक्की धरली कीं पट्ट्याच्या बहुतेक दुखण्यांचा उलगडा होतो. रबर भिंतीला क्षणभर चिकटतें, सुटतें, पुन्हां चिकटतें. ही ओढाताण सेकंदाला शेंकडों वेळां होऊं लागली म्हणजे तिची किंकाळी होते. सकाळीं ती अधिक ऐकूं येते, कारण इंजिन सुरू करण्यांत बॅटरीची वीज खर्च झालेली असते व ती भरून काढण्यासाठीं अल्टरनेटर त्या घटकेला जड फिरतो. रात्रीं मोठे दिवे लावतांच आवाज आला तर त्याचेंही कारण तेंच. पावसाळ्यांत ओल्या पट्ट्यानें एकदोन क्षण कुरकुर करून गप्प बसणें हा मात्र रोग नव्हे.

खरें नुकसान आवाजानें होत नाहीं, घसरण्यानें होतें. घसरतांना उष्णता उत्पन्न होते, तिनें पट्ट्याच्या बाजू कडक व कांचेसारख्या चकचकीत होतात, आणि चकचकीत बाजू अधिकच घसरतात. इकडे पंप मंद झाल्यामुळें इंजिनांतील पाणी पुरेसें फिरत नाहीं. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढतांना गाडीचा वेग कमी व इंजिनाचे श्रम जास्त, समोरून येणारा वाराही बेताचा. अशा वेळीं घसरणारा पट्टा अल्पावधींत पाणी उकळवितो. तशांतही गाडी रेटली तर हेड गॅस्केट जळते, हेड वांकतें, आणि स्वस्त पट्ट्याच्या जागीं इंजिन उघडण्याचा खर्च येऊन उभा राहतो. काळी-पिवळीवाल्याचे त्या दिवसांतले फेरे बुडतात ते वेगळेच.

यावर पुष्कळ ठिकाणीं होणारा उपाय म्हणजे चालत्या पट्ट्यावर साबणाची वडी घासणें किंवा राळेची पूड टाकणें. आवाज थांबतो, हें खरें. पण साबणानें पट्टा बुळबुळीत होऊन मुकाट्यानें घसरूं लागतो. आणि चामड्याला मानवणारी राळ रबरावर धूळ धरून ठेवते, मग काळ्या मातीची ती धूळ पट्टा आणि पुली दोघांनाही घासून काढते. गप्प झालेला पट्टा ओरडणाऱ्याहून अधिक घातक होय, कारण त्याची खबर आतां थेट तपमापकाच्या कांट्याकडूनच मिळावयाची.

तपासणीसाठीं इंजिन बंद व थंड असावें. विजेचा पंखा असलेल्या गाडींत तो इंजिन बंद झाल्यावरही आपोआप फिरूं शकतो, याकरितां बॅटरीची तार काढून ठेवावी. मग पट्टा हातानें पिळून त्याच्या बाजू पाहाव्या. भेगा, सुटलेले दोरे, चकाकी किंवा तेलाचा ओलावा आढळल्यास तो पट्टा बदलण्याजोगा समजावा. तेलकट पट्टा पेट्रोलनें धुणें हें अज्ञान होय; पेट्रोल रबर फुगवितें. तेल कोठून आलें तें आधीं शोधावें, नाहींतर नव्या पट्ट्याचीही तीच गत होते.

पुढें पुलीकडे वळावें. चांगल्या पट्ट्याची पाठ पुलीच्या कांठाशीं जवळजवळ समपातळींत असते. ती खोल गेलेली दिसली व खाचेचा तळ घांसून चकाकत असला, तर पट्टा तळावर टेकला असें समजावें. पाचरीचा गुण तेथें संपला, आतां कितीही ताणला तरी तो घसरणारच. नवा पट्टाही तसाच खोल बसत असेल तर दोष झिजलेल्या पुलीचा आहे, हें पुष्कळ कारागीर विसरतात व पट्ट्यामागून पट्टे बदलीत राहतात. पुल्या एका रेषेंत आहेत कीं नाहींत, हें त्यांच्या तोंडावर ताणलेल्या सुतळीनेंही कळतें. डायनॅमो काढून त्या जागीं अल्टरनेटर बसविलेल्या गाड्यांत हा दोष विशेष शोधावा. तेथें एखादा वायसर कमी-जास्त झाल्यानें पुली तिरकी राहते. शेवटीं पट्टा उतरवून प्रत्येक पुली हातानें फिरवावी. खरखर किंवा डुगडुग जाणवली तर पट्टा निरपराध असून बेअरिंग गेलेलें आहे.

याउपरही शंका राहिली तर पाण्याची एक परीक्षा आहे. बॅटरीची तार पुन्हां जोडून इंजिन सुरू करावें, पदर, ओढणी, उपरणें किंवा सैल बाही पंख्यापासून दूर ठेवावी, आणि बाटलींतून थोडें पाणी पट्ट्यावर शिंपडावें. आवाज थांबून थोड्या वेळानें परत आला तर पुल्यांची रेषा चुकलेली असण्याचा संभव अधिक. पाणी पडतांच आवाज वाढला तर ताण कमी आहे.

ताण वाढविण्यासाठीं डायनॅमोचा वरचा, लांबट खाचेंतला बोल्ट जसा ढिला करावयाचा, तसेच खालचे बिजागरीचे बोल्टही थोडे सैल करावे लागतात. ते तसेच ठेवून जोर केल्यास पट्टी वांकते. टॉमीनें रेटतांना ती अल्टरनेटरच्या पातळ अंगावर टेकवूं नये. पुल्यांमधील सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्यानें नेटानें दाबून पट्टा सुमारें १२ मिलिमीटर आंत गेला पाहिजे. गाडीच्या पुस्तिकेंत निराळा आंकडा दिला असेल तर तोच प्रमाण मानावा. ‘आणखी थोडा आवळा’ ही मालकाची सूचना कारागिरानें मनावर घेऊं नये. अति ताणलेला पट्टा ओरडत नाहीं, पण पंपाचें आणि अल्टरनेटरचें बेअरिंग खातो, आणि पंप पट्ट्याहून महाग असतो.

मारुतीसारख्या इंजिनांत झांकणाआड आणखी एक दांत्यांचा टायमिंग पट्टा असतो. त्याचा या आवाजाशीं संबंध नाहीं, व त्याला हात लावणें हें रस्त्यावरचें काम नव्हे.

वाटेंत चार्जिंगचा लाल दिवा लागला व तपमानाचा कांटा चढूं लागला, तर पट्टा गेला असें धरून गाडी तत्काळ सावलींत उभी करावी. रेडिएटरचें झांकण निवेपर्यंत उघडूं नये. नवा पट्टा पहिल्या फेरींत खाचेंत रुळतो व थोडा सैल पडतो, म्हणून अमरावतीस बसविलेल्या पट्ट्याचा ताण अकोल्यास पोंचल्यावर, इंजिन निवलें कीं पुन्हां एकदां पाहावा. उतरविलेला जुना पट्टा फाटका नसेल तर दोन पान्यांसह डिकींत ठेवून द्यावा; मूर्तिजापूरच्या अलीकडे भर दुपारीं नवा पट्टा तुटला तर पुढच्या गांवापर्यंत तो पुरतो.