सुपातले चिंचोके आणि गणिताचा पाया

अंगणवाडीस भेट देणारा पाहुणा बहुधा मुलांना अंक म्हणावयास सांगतो. मुले एका सुरात पन्नासपर्यंत जातात आणि पाहुणा समाधानाने परततो. त्यांतीलच एखाद्या मुलास सात चिंचोके आणावयास सांगितले, तर ते ओंजळभर आणून देते. अंकांची नावे पाठ झाली. संख्या कळलेली नाही.

काय मोजावयाचे आणि काय वगळावयाचे हे ठरल्याखेरीज मोजणी सुरू होत नाही. म्हणून संख्येआधी वर्गीकरण. तीन वर्षांच्या मुलाचा आरंभ जोड्यांपासून करावा: पिंपळपानाशी पिंपळपान, शिंपल्याशी शिंपला. पुढे चवथ्या-पाचव्या वर्षी चिंचोके, वाल व खडे एकत्र मिसळून सुपात द्यावेत आणि समोर तीन वाट्या मांडाव्यात. रंग, आकार, उपयोग हे निकष एकेक करून यावेत.

सेविकेचा खरा कस येथे लागतो. मूल तांबड्या फुलाशेजारी तांबडा खडा ठेवते आणि त्या खड्याशेजारी पांढरा खडा. निकष मध्येच बदलला! जाँ पियाजे यांनी बालकांच्या अशा मांडण्यांचा बारकाईने अभ्यास केला होता; या वयात असे होणे स्वाभाविक आहे. 'चुकले' म्हणून खडा उचलू नये. 'हा इथे का ठेवलास?' एवढेच विचारावे. कढई आणि मासा एकत्र ठेवणारे मूल 'आई कढईत मासा तळते' असे सांगेल. त्या उत्तरास चूक कसे म्हणावे? मग 'आणखी कसे लावता येतील?' असा प्रश्न टाकावा.

साहित्यासाठी निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे अनुताई वाघ यांच्या साथीने ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा परिसरातील पाने, शिंपले, बिया यांनाच शैक्षणिक साधनांचे स्थान दिले. १९५७ पासून कोसबाडच्या आदिवासी पाड्यांतही हीच दृष्टी राहिली. विकत आणलेली खेळणी मोडतील या भीतीने कपाटात बंद ठेवण्यापेक्षा हे केव्हाही बरे. पंचायत सदस्यांनीही भेटीच्या वेळी अंक म्हणवून न घेता सूप मागवावे.

गुंजा आणि एरंडाच्या बिया मात्र कितीही सुबक दिसल्या तरी घेऊ नयेत. त्या विषारी असतात. मुले वाल-चिंचोकेही नाकातोंडात घालतात, तेव्हा खेळ संपेपर्यंत सेविकेने जवळच बसावे.