नांगर टाकता येत नाही, मग झोपायचं कधी? महासागरातल्या शिडाच्या बोटीवरचे २४ तास

२९ मे २०२५ ला भारतीय नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. गोव्याच्या मुरगाव बंदरात परतल्या. ‘आयएनएसव्ही तारिणी’ या ५६ फुटी शिडाच्या बोटीतून त्यांनी आठ महिन्यांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली होती. बातम्यांमध्ये वादळं, केप हॉर्न आणि २५,६०० सागरी मैल, म्हणजे साधारण ४७ हजार किलोमीटर, हे सगळं आलं. पण बोटीवर माणसं दोनच होती. मग रात्री बोट कोण सांभाळत होतं?

महासागरातल्या प्रवासाचं सगळं वेळापत्रक या एका प्रश्नाभोवती फिरतं.

रात्री नांगर टाकून का झोपत नाहीत?

किनाऱ्याजवळ तळ हाताशी असतो, म्हणून नांगर टाकता येतो. महासागराची सरासरी खोली मात्र ३,७०० मीटरच्या आसपास आहे. एवढी साखळी कुठल्याच बोटीवर नसते. शिडं आणि सुकाणू एकमेकांविरुद्ध लावून बोट जवळपास थबकवता येते, पण तेव्हाही ती वाऱ्याबरोबर वाहतच असते. थोडक्यात, एकदा किनारा सोडला की पुढचं बंदर येईपर्यंत बोट २४ तास चालू असते.

ऑटोपायलट असतो ना?

असतो. तो बोटीची दिशा धरून ठेवतो. पण वारा वाढला तर शिडाचं क्षेत्र कमी करणं, घासून झिजलेला दोर वेळेत बदलणं, आकाशाच्या कडेला दिसणारा काळा ढग ओळखणं ही कामं माणसाचीच.

सर्वात महत्त्वाचं काम म्हणजे नजर ठेवणं. आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनुसार प्रत्येक जहाजावर कायम पहारा हवा. का, ते एका हिशेबातून कळतं. मोठ्या जहाजाच्या डोलकाठीवरचा दिवा किमान ६ सागरी मैलांवरून, म्हणजे सुमारे ११ किलोमीटरवरून दिसावा असा नियम आहे. जहाज ताशी ३७ किलोमीटरनं समोरून येतंय आणि तुमची बोट ताशी १३ किलोमीटरनं त्याच्याकडे निघाली आहे, असं समजा. दिवा दिसल्यापासून टक्कर होईपर्यंत तुमच्याकडे फक्त १३ मिनिटं उरतात.

जवळच्या जहाजांची जागा आणि वेग दाखवणारी ‘एआयएस’ नावाची यंत्रणा बोटीवर असते, धोका असेल तर ती अलार्मही देते. पण ज्या होडीवर एआयएस नाही ती, पाण्यात तरंगणारा ओंडका किंवा देवमासा तिला दिसत नाही.

मग पहारा कसा वाटून घेतात?

तारिणीवरच २०१७-१८ मध्ये झालेल्या पहिल्या मोहिमेत लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी होत्या. सहा जणी म्हणजे दोघींच्या तीन जोड्या होऊ शकतात. चार तास पहारा आणि आठ तास सुट्टी ही अशा वेळची नेहमीची पद्धत.

तीच बोट, पण माणसं दोनच असतील तर? दिवसाचे १२ तास एकीचे, १२ तास दुसरीचे. उरलेल्या १२ तासांत स्वयंपाक, दुरुस्ती, हवामानाचा अंदाज पाहणं, मुख्यालयाला निरोप पाठवणं आणि झोप. शिवाय मोठं शीड बदलायचं असेल तर झोपलेलीलाही उठावं लागतं. एकट्यानं जाणाऱ्यांना तर पहारा वाटून घ्यायलाही कोणी नसतं. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’वरून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. असे एकटे दर्यावर्दी झोपेचे छोटे छोटे तुकडे करतात: अलार्म लावायचा, डुलकी घ्यायची, उठून क्षितिज पाहायचं, पुन्हा डोळे मिटायचे.

खाणं, पाणी आणि अंघोळीचं काय?

बोट सतत एका अंगावर कललेली असते. त्यामुळे गॅसची शेगडी दोन खिळींवर पाळण्यासारखी टांगलेली असते. बोट कलली तरी भांडं सरळ राहतं. घट्ट झाकणाचा प्रेशर कुकर इथे फार उपयोगी पडतो, हिंदकळलं तरी आतलं सांडत नाही. ताजी भाजी आधी संपवतात, मग डाळ-तांदूळ, डबाबंद आणि वाळवलेलं अन्न.

खारं पाणी गोडं करणारं मशीन असतं, पण ते वीज खातं आणि वीज मोजकीच असते. म्हणून भांडी समुद्राच्या पाण्यानं घासतात, अंघोळही बऱ्याचदा खाऱ्या पाण्यानं. शेवटचा तांब्या तेवढा गोड्या पाण्याचा. झोपायच्या फळीला कडेनं जाड कापड बांधतात, नाहीतर माणूस झोपेतच खाली पडेल.

घड्याळही स्थिर नसतं. पूर्वेकडे जाताना दर १५ रेखांशांनी स्थानिक वेळ तासभर पुढे जाते, आणि आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की तीच तारीख पुन्हा येते.

सगळ्यात मोठी भीती कशाची?

वादळाचं नाव आधी घेतलं जातं, पण वादळात सगळे जागे असतात. खरी भीती शांत रात्रीची. एक जण आत गाढ झोपलेला, दुसरा एकटा डेकवर, आणि त्याचा पाय घसरला तर? ऑटोपायलट बोट पुढे नेतच राहील. ताशी १३ किलोमीटरच्या वेगानं बोट पाच मिनिटांत किलोमीटरभर पुढे गेलेली असते. अंधारात, लाटांमध्ये दिसतं ते फक्त डोकं.

म्हणून नियम कडक असतो. छातीवरचा पट्टा दोरीनं बोटीला अडकवल्याशिवाय एकट्यानं डेकवर जायचं नाही. समुद्र शांत असला तरी हाच नियम.

पहारा बदलताना काय होतं?

वारा किती, दिशा कोणती, कुठलं जहाज कुठे, कुठला दोर झिजलाय, बॅटरी किती उरली हे सगळं सांगितलं जातं आणि नोंदवहीत लिहिलं जातं. दोघांच्याच बोटीवर बऱ्याच दिवशी निवांत भेट होते ती एवढीच, कारण एक जागा असतो तेव्हा दुसरा झोपलेला असतो.

आणि एक सूचना बहुतेक बोटींवर असतेच: शंका आली की उठव. ऐकायला सोपी आहे. पण आत झोपलेल्या माणसाला तासाभरापूर्वीच डोळा लागलाय आणि उद्याचं वादळ त्यालाही पेलायचंय, हे माहीत असताना हाक मारणं सोपं नसतं. चुकून उठवलं तर त्याची झोप जाते. उठवायला उशीर झाला तर बोट जाऊ शकते. त्यामुळे महासागरावर चांगला सोबती तोच, जो विनाकारण उठवल्यावरही चिडत नाही. चिडला, तर पुढच्या वेळी हाक मारायला उशीर होईल.