भरतनाट्यम आणि तंजावरचे भोसले

- मूळ : तमिळ देवळांतील देवदासींचे 'सदिर'. 'भरतनाट्यम' हे नाव १९३०च्या दशकात रूढ.
- शिल्पे : तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात (इ.स. १०१०) १०८ पैकी ८१ करणे (हातापायांच्या एकत्रित नृत्यक्रिया) कोरलेली, उरलेल्या शिळा कोऱ्याच.
- मराठी धागा : शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतले.
- निरूपण : नृत्यासाठीची मराठी पद्यरचना. दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी अशा रचना केल्या.
- क्रम : चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलू या दरबारी बंधूंनी बांधला. अलारिप्पूने सुरुवात, पुढे जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, शेवट तिल्लाना.
- कायदा : मद्रास प्रांतात मुली देवाला वाहण्यास १९४७ मध्ये बंदी.