अंतर एक, वेळा दोन

समजा, एक विमान दिल्लीहून रात्री आठला सुटून सकाळी साडेसातला टोकियोत उतरलं. तिकिटावरच्या वेळांनुसार साडेअकरा तास. परतीचं विमान सकाळी साडेअकराला निघून संध्याकाळी साडेपाचला दिल्लीत, म्हणजे जेमतेम सहा तास! पण जपानचं घड्याळ भारतापेक्षा साडेतीन तास पुढे चालतं. तो फरक वजा-अधिक केला की चित्र नेमकं उलटतं: जायला आठ तास, यायला साडेनऊ.

दोन्ही शहरांमधलं सरळ अंतर सुमारे ५,८५० किलोमीटर. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला तर तो हिमालय आणि तिबेट ओलांडून जातो. प्रवासी विमानं मात्र ही वाट सहसा टाळतात. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला झटपट दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण अनेक विमानांत प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन पंधरा-वीस मिनिटंच पुरतो. तिबेटचं पठार तर सरासरी साडेचार हजार मीटर, म्हणजे जवळपास पंधरा हजार फूट उंच. खाली यायला जागाच नाही! म्हणून विमान आधी पूर्वेला बंगाल-म्यानमारकडे जातं आणि मग चीनवर वळतं.

वळसा दोन्ही वेळा पडतो. तरी दीड तासाचा फरक उरतोच.

अनेकांना वाटतं, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तर पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोहोचायला हवं. तसं होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. खरा खेळ नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्याचा, जेट स्ट्रीमचा. उत्तरेची गार हवा आणि उष्ण कटिबंधाची ऊबदार हवा यांच्या तापमानातल्या तफावतीतून आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे हा वारा पूर्वेकडे धावतो. हिवाळ्यात सायबेरिया गोठला की ही तफावत वाढते आणि जपानवर त्याचा वेग अनेकदा ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे जातो.

हा वारा सर्वांत आधी पद्धतशीर मोजणाऱ्यांत वासाबुरो ओइशी यांचं नाव आदराने घ्यायला हवं. टोकियोजवळच्या तातेनो वेधशाळेतून फुगे सोडून त्यांनी नोंदी केल्या आणि १९२६ मध्ये त्या एस्परांतो या आंतरराष्ट्रीय संवादासाठी बनवलेल्या भाषेत छापल्या. जगाने वाचावं ही त्यांची इच्छा. पण एस्परांतो वाचणारे फार थोडे होते, त्यामुळे नोंदी दुर्लक्षितच राहिल्या. १९४४ मध्ये जपानवर बॉम्ब टाकायला आलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांना या वाऱ्याने चकवलं. पुढे १९५२ मध्ये पॅन अ‍ॅम या अमेरिकी विमान कंपनीने टोकियो-होनोलुलू प्रवासात तो पाठीशी घेतला आणि सुमारे अठरा तासांची वाट साडेअकरा तासांवर आणली.

आता प्रत्येक उड्डाणाआधी वाऱ्याचे नकाशे पाहून मार्ग, उंची आणि इंधन ठरवलं जातं. समोरून वारा असेल आणि हवाई हद्दीची मोकळीक मिळत असेल, तर लांबची वाटही पत्करतात. किलोमीटर वाढतात, मिनिटं वाचतात.