मेंदूतला धोकादायक गुंता

जास्त दाबाची नळी पातळ नळीला थेट जोडायला भिलाईच्या पोलाद कारखान्यात कुणी धजणार नाही. मेंदूतल्या ‘आर्टेरिओव्हेनस मालफॉर्मेशन’मध्ये, म्हणजेच एव्हीएममध्ये, नेमके तेच झालेले असते. दाब उतरवणाऱ्या केशवाहिन्या मधे नसतातच. धमनीतले रक्त थेट शिरेत घुसते. शीर फुगते, कधी फुटते. रक्तस्रावाचा धोका वर्षाला साधारण २ ते ४ टक्के. एकदा फुटलेल्यांत त्याहून जास्त. आकडा किरकोळ वाटेल, पण विशीतल्या माणसापुढे अजून ४०-५० वर्षे असतात.

अशा गुंत्यामुळे फीटही येऊ शकते. फीट आली की आपल्याकडे आधी कांदा हुंगवतात! उपयोग शून्य. अचानक असह्य डोकेदुखी, पहिलीच फीट किंवा एका अंगाची शक्ती जाणे, यांपैकी काहीही झाले तर ताबडतोब भिलाईतले सेक्टर ९ चे रुग्णालय किंवा रायपूरचे एम्स गाठा.