जपानमधील पिढीजात दुकाने व त्यांतील कारागीर



जपान म्हटले की वेगवान आगगाड्या आणि प्रचंड कारखाने आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. पण याच देशात शंभर वर्षांहून जुने असे व्यवसाय तीस हजारांवर आहेत आणि त्यांत लहान, घरच्या माणसांनी चालविलेल्या दुकानांचा भरणा मोठा आहे. जुन्या पेढीला तेथे ‘शिनिसे’ म्हणतात. क्योटोला जाणारा प्रवासी देवळे पाहून परततो. त्याने ही दुकानेही पाहावीत. पण ती कोणाच्या श्रमावर टिकली हा प्रश्न मनात ठेवून पाहावीत, एवढेच आज सांगावयाचे आहे.

दुकानाची खूण म्हणजे दारावरचा कापडी पडदा, ‘नोरेन’. त्यावर दुकानाचे नाव किंवा घराण्याचे चिन्ह असते. पडदा बाहेर टांगलेला असला की दुकान उघडे, आत घेतला की बंद. क्योटोतील जुने घर रस्त्याकडून अरुंद आणि आत लांबच लांब असते. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड.

क्योटोच्या इमामिया देवळाजवळ ‘इचिवा’ नावाचे खाद्यगृह आहे. ते इ. स. १००० मध्ये सुरू झाले असे ते घराणे सांगते. तेथे पदार्थ एकच. तांदळाच्या चिकट पिठाचे लहान गोळे सोयाबीनच्या पिठात घोळवून बांबूच्या काडीला लावायचे, कोळशावर भाजायचे आणि वर गोडसर मिसो ओतायचे. वाम मासा भाजून देणाऱ्या खाद्यगृहांत रसाचे भांडे पूर्ण रिकामे करीत नाहीत. जुन्यात नवा रस घालीत पिढ्यान्‌पिढ्या तो चालवितात. या धंद्यात म्हण आहे की मासा काडीला लावण्यास तीन वर्षे, चिरण्यास आठ वर्षे आणि भाजण्यास जन्म लागतो.

आता कारागिरीचे उदाहरण घ्या. १८७५ मध्ये स्थापन झालेले क्योटोचे ‘काइकादो’ चहापत्तीचे डबे बनविते. एका डब्यामागे हाताची शंभरावर कामे असतात. झाकण वर ठेवून सोडले की ते आपल्याच वजनाने, आतली हवा बाहेर टाकीत, सावकाश खाली उतरते. यात कळ नाही की यंत्र नाही. दोन पत्र्यांमधील अंतर बोटांनी जोखलेले असते, एवढेच.

ही दुकाने टिकली कशी? बापाचा धंदा मुलाने चालविला, असे सोपे उत्तर दिले जाते. ते अपुरे आहे. मुलगा नालायक निघाला तर दुकान बुडू द्यायचे नाही, हा तेथला दंडक होता. मग हुशार कारागिराला जावई करून घेत आणि तो सासऱ्याचे आडनाव लावी. आपल्याकडे घरजावई हा थट्टेचा विषय. तेथे तो पेढीचा धनी होई. ५७८ मध्ये स्थापन झालेली, देवळे बांधणारी ओसाकाची ‘कोंगो गुमी’ अशाच जावयांच्या साहाय्याने २००६ पर्यंत एका घराण्याकडे राहिली. त्या वर्षी कर्जापायी ती दुसऱ्या कंपनीकडे गेली.

परंतु खरा पाया याहून खाली होता. दहा-बारा वर्षांचा पोर दुकानात उमेदवार म्हणून येई. त्याला ‘देच्ची’ म्हणत. जेवण, कपडा आणि निजायला जागा मिळे. पगार म्हणण्यासारखा नसे. घरी जायची मोठी सुटी वर्षातून दोनदा. वर्षानुवर्षे राबून जो वर चढे, त्याला मालक कधी कधी स्वतंत्र दुकान काढू देई आणि आपल्या पडद्यावरचे नाव वापरण्याची परवानगी देई. बक्षीस मोठे खरे, पण ते मालकाच्या मर्जीवर होते. हक्क म्हणून नव्हते.

१९४७ च्या कामगार कायद्याने शिकवण्याच्या नावाखाली उमेदवाराला राबवून घेण्यास मनाई केली. त्यामुळे कसब बुडेल, अशी हळहळ आजही ऐकू येते. कसब शिकायला वर्षे लागतात हे मला मान्य आहे. माझा प्रश्न एवढाच की त्या वर्षांचा खर्च कोणी सोसायचा? पूर्वी तो अजाण पोराने सोसला. आता तो मालकाने आणि गिऱ्हाइकाने सोसला पाहिजे. सरकारने १९७४ मध्ये परंपरागत हस्तव्यवसायांना साहाय्य देणारा कायदा केला. तरीही वारस न मिळाल्याने दुकाने बंद होतच आहेत. केवळ अभिमानावर तरुण माणूस टिकत नाही. त्याला संसार चालेल एवढे वेतन आणि विश्रांती हवी.

म्हणून प्रवाशाने काही गोष्टी पाळाव्यात. भाव पाडून मागू नये. किमतीत कारागिराच्या शिकण्याची वर्षे धरलेली असतात. पैसे तबकडीत ठेवावेत. वर बक्षिसी देण्याची तेथे रीत नाही. काम चालू असता विचारल्यावाचून छायाचित्र घेऊ नये. लहान खाद्यगृहात खाणे झाल्यावर जागा अडवू नये आणि उठताना ‘गोचिसोसामा’ म्हणावे. जेवण देणाऱ्याचे आभार मानणारा तो शब्द आहे.

दुकान किती जुने, हे पाटीवरून कळते. ते पुढे किती चालेल हे मात्र आत काम करणाऱ्या सर्वांत लहान माणसाकडे पाहून समजते. तो तिथे स्वखुशीने आणि पोटभर वेतनावर उभा असेल, तर तो पडदा उद्याही बाहेर लागेल.