प्रोग्रामर जुने हत्यार का सोडत नाहीत?

दारव्ह्यात बिलाचा प्रोग्राम लिहून घेणाऱ्या व्यापारी बांधवांनी प्रोग्रामरचे हत्यारही पाहावे. बोर्लंडचे टर्बो सी प्लस प्लस १९९० चे. आपल्या कॉलेजांतून वर्षानुवर्षे तेच शिकवले गेले, हात त्याच निळ्या पडद्यावर बसला. मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड २०१५ पासून फुकट आहे. भाषेची जोडणी बसवली की लिहितानाच चूक दाखवतो. नाहीतर ती चूक गिऱ्हाइकाच्या बिलावर दिसते! मग अडते कुठे? पैशावर नव्हे, वेळेवर. उक्ते काम घेणाऱ्याला शिकण्याचे दिवस कोण भरून देणार? मशीनला मोटर बसवली की आपल्या दर्जीचाही हात आधी अडखळतोच. आम्ही म्हणतो, रक्कम ठरवताना ते चार दिवस धरा. सोर्स कोडची प्रतही मागून घ्या. उद्या तो पुण्याला गेला तर दुसऱ्याला काम पुढे नेता येईल.